त्या फुल्या का हलत नव्हत्या?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. घड्याळाकडे बघून बोलताना गाळलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना परत घातल्या आहेत.)



संयोजकांनी फोनवर बजावलं होतं, "प्रत्येकाने आपल्या कामातलं एक काहीतरी पंधरा मिनिटांत समजावून सांगायचं. आठवणी नकोत. आठवणी रात्री गच्चीवर." माझ्या आधी गुडघ्यांवर बोलणं झालं, ते आपल्या सगळ्यांच्याच कामाचं निघालं. त्याआधी ठिबकचा हिशेब झाला, तोही कामाचा. माझा विषय तितका उपयोगाचा नाही हे आधीच सांगते. शिवाय तो आठवणीशिवाय सुरूच होत नाही, त्यामुळे संयोजकांनी पहिली पाच मिनिटं कान बंद ठेवावेत.

आपण नववीत होतो, १९९३-९४ साल. भूगोलाच्या जुन्या खोलीत शाळेचा पहिला संगणक आला. ३८६. चपला बाहेर काढायच्या, हात धुवून यायचं, आणि पाच जणांत मिळून एक कीबोर्ड. बाईंनी घरून शिवून आणलेलं फुलाफुलांचं आवरण आठवतंय? आवरण काढण्याचा मान रोज एका रोल नंबरला मिळायचा. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी बाई त्यावर एक काम लावून द्यायच्या. डॉसचा 'डिफ्रॅग'. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर चौकोनांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहायच्या, मग एखाद्या चौकोनात वाचतोय म्हणून आर यायचा, लिहितोय म्हणून डब्ल्यू यायचा, आतून डिस्क करकरायची, आणि विस्कटलेले चौकोन हळूहळू वरच्या बाजूला गोळा व्हायचे. मुलं कंटाळून मैदानात पळायची. मी आणि आणखी दोघी-तिघी मात्र ते बघत बसायचो. घर आवरताना दुसऱ्याला बघण्यात जी मजा असते, तसंच काहीसं होतं ते.

फक्त काही चौकोनांत फुली असायची, इंग्रजी एक्स. बाकी सगळं सरकलं तरी त्या फुल्या आपल्या जागी तशाच. शेवटी पडदा स्वच्छ झाला तरी मध्येच कुठेतरी दोन-चार फुल्या, पंगत उठून गेल्यावर एकटंच बसून राहिलेल्या माणसासारख्या. खाली लिहिलेलं असायचं, एक्स म्हणजे हलवता न येणारं. मी विचारलं, "बाई, का नाही हलत?"

बाई गणिताच्या. संगणकाचं दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेल्या. त्यांनी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती तर मला कळलंही नसतं. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. ज्याला आधी कळेल त्याने दुसऱ्याला येऊन सांगायचं." आणि हजेरीवहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी तो प्रश्न लिहून ठेवला.

मला त्याचं उत्तर १९९७ साली कळलं. आज २०२५ आहे. बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि मी अजून येऊन सांगितलेलं नाही. म्हणून आज हा विषय.

आधी डिस्कवर फाईल कशी राहते ते थोडक्यात. डिस्कची जागा सारख्या मापाच्या खोल्यांत वाटलेली असते. त्यांना क्लस्टर म्हणतात. आपल्या त्या संगणकाची डिस्क दोनशे एमबीच्या आसपास होती, तिच्यात एक खोली चार किलोबाइटची, म्हणजे ४०९६ अक्षरांची. चाळीस किलोबाइटची फाईल असेल तर तिला दहा खोल्या लागणार. या दहा खोल्या शेजारी शेजारीच असतील असं नाही. जुन्या फायली पुसल्या जातात, मध्ये मध्ये खोल्या रिकाम्या होतात, नवीन फाईल जिथे जागा मिळेल तिथे घुसते. तीन खोल्या इथे, दोन तिकडे, पाच पार शेवटी. मग ती सापडते कशी? डिस्कच्या सुरुवातीला एक तक्ता असतो. फाईलच्या नावासमोर पहिल्या खोलीचा नंबर, आणि तक्त्यात त्या खोलीपुढे दुसरीचा, दुसरीपुढे तिसरीचा. डबा खायला निघालेल्या पोरांसारखं एकमेकांचा हात धरून.

त्या काळच्या डिस्कमध्ये खरोखरची फिरणारी तबकडी आणि तिच्यावर पुढेमागे सरकणारा वाचणारा काटा. लांबच्या खोलीपर्यंत सरकायला काट्याला दहा-पंधरा मिलिसेकंद लागायचे. एका वेळेला हे काहीच नाही, पण एका फाईलसाठी दोनशे वेळा सरकावं लागलं की माणसाला खुर्चीत बसून कळतं. करकर आवाज यायचा तो त्याचाच. डिफ्रॅग करतो काय, तर विखुरलेल्या खोल्यांतला मजकूर उचलून सलग खोल्यांत लिहितो, मग तक्त्यातले नंबर बदलतो, मग जुन्या खोल्या रिकाम्या झाल्या असं नोंदवतो. फाईलचं नाव तेच, मजकूर तोच. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण वापरणारा कायम तक्त्याला विचारूनच जातो.

सगळी गोम या शेवटच्या वाक्यात आहे. तक्त्याला न विचारता जाणारं कोणी असेल तर?

आपल्या शाळेतलंच उदाहरण देते. वाचनालयातलं पुस्तक या कपाटातून त्या कपाटात गेलं तर सर रजिस्टरमध्ये नोंद बदलायचे. पुस्तक मागणारा रजिस्टर बघायचा, काही अडायचं नाही. पण शाळेच्या मुख्य दाराची किल्ली? ती वरच्या कोनाड्यात असायची, हे शिपाईमामांना पाठ. आपण आठवीत असताना काही दिवस बदली शिपाई आले होते, आठवतंय का? त्यांनी विचार केला, किल्ली अशी उघड्यावर बरी नाही. त्यांनी ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नीट ठेवली, चार्जच्या वहीत 'किल्ली ड्रॉवर नं. २' अशी नोंदही केली, आणि बाहेर येऊन दाबायचं कुलूप दाबून टाकलं. सकाळी साडेदहापर्यंत आपली सगळी शाळा मैदानात. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, पाढे झाले, तरी लोहार आला नव्हता. नोंद चोख होती. पण नोंदवही कुलपाच्या आत होती.

संगणक चालू होतो तेव्हा त्याची अवस्था अगदी हीच. बटण दाबल्यावर जो पहिला प्रोग्रॅम जागा होतो, त्याला डॉस म्हणजे काय, फाईल म्हणजे काय, तक्ता म्हणजे काय, काहीही माहीत नसतं. तो डिस्कचा पहिला सेक्टर, फक्त ५१२ बाइट, उचलून मेमरीत टाकतो. त्या ५१२ बाइटांत एक चिमुकला प्रोग्रॅम असतो आणि त्याचं एकच काम, डॉसचा पहिला भाग आत आणणं. या भागाचं नाव होतं आयओ डॉट सिस. एवढ्याशा जागेत अख्ख्या तक्त्याची साखळी वाचत जायची अक्कल मावत नाही. म्हणून ठरलेलं असायचं, मुख्य यादीतलं पहिलं नाव याचं, दुसरं नाव एमएसडॉस डॉट सिसचं, आणि पहिल्याची सुरुवात झाली की तिथून पुढचे काही सेक्टर डोळे मिटून सलग उचलायचे. डॉसच्या आणखी जुन्या आवृत्त्यांत तर डिस्कवरची जागासुद्धा ठरलेली होती. ही फाईल कुठे मध्यावर हलवली, तुकड्यांत ठेवली, आणि तक्त्यात सगळं अगदी प्रामाणिकपणे लिहिलं, तरी उपयोग शून्य. तक्ता वाचणारा डॉस अजून दाराबाहेरच उभा आहे. किल्ली कोनाड्यातच लागते.

ही झाली पहिली फुली. दुसरी फुली, माझ्या अंदाजाने, विंडोज ३.१ ची होती. मेमरी अपुरी पडली की विंडोज काही सामान डिस्कवर नेऊन ठेवायचं, त्यासाठी कायमची राखून ठेवलेली एक मोठी फाईल असायची. ती सलगच असावी लागे. विंडोजला घाई असल्यामुळे तिच्यात लिहिताना ते डॉसला बाजूला ठेवून थेट डिस्कशी बोलायचं. ती फाईल कुठे आहे आणि केवढी आहे याची टिपण त्याने स्वतःच्या फोल्डरमध्ये वेगळी ठेवलेली असायची. आता समजा डिफ्रॅगने ती हलवली आणि तिच्या जुन्या जागी तुमची प्रश्नपत्रिका आणून ठेवली. विंडोज आपली टिपण बघून जुन्या जागी जाणार आणि प्रश्नपत्रिकेवर आपला पसारा ओतणार. यात बिचाऱ्या त्या फाईलचं काही बिघडत नाही, तिथे नव्याने राहायला आलेल्याचं बिघडतं.

डिफ्रॅगला हे कसं कळायचं की कुठली फाईल अशी आहे? त्याला ते कळत नसे. त्याने एक साधा नियम ठेवला होता, ज्या फाईलवर 'लपलेली' आणि 'सिस्टिमची' अशा दोन्ही खुणा असतील तिला हात लावायचा नाही. कोणीतरी विचार करून खूण केली आहे ना, मग असेल काहीतरी कारण.

आणि आता माझी गोष्ट. हिचा उल्लेख मी आजवर ऑफिसात गमतीचा किस्सा म्हणून केलाय. इथे तशी सांगता येणार नाही, कारण गाव तेच आहे.

१९९७ ची दिवाळी. मी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला, सुट्टीत घरी आलेली. बाबांच्या ओळखीचे एक कर सल्लागार होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांच्या ऑफिसात एक संगणक, त्यावर डॉसमध्ये चालणारं हिशेबाचं पॅकेज. ऑडिट रिपोर्टची ३१ ऑक्टोबरची मुदत तोंडावर, आणि संगणक कमालीचा हळू झालेला. काका बाबांना म्हणाले, मुलगी इंजिनीअर होतेय ना, जरा बघ म्हणावं. मी गेले. डिफ्रॅग लावला. तासाभरात सगळं झालं, मधल्या पाच-सहा फुल्या सोडून.

त्यातल्या दोन फुल्या हिशेबाच्या पॅकेजच्या फोल्डरमधल्या निघाल्या. आयओ डॉट सिसला हात लावायचा नसतो एवढं एव्हाना मला माहीत होतं. पण ही कुठली तरी पॅकेजची फाईल, हिला सिस्टिमची खूण कशाला? ॲट्रिब नावाचा हुकूम मला येत होता. दोन्ही खुणा काढून टाकल्या, डिफ्रॅग परत लावला. फाईल गुपचूप सरकली, पडदा स्वच्छ झाला. मी खुणा परत लावून ठेवल्या आणि चहा पिऊन घरी आले. गरज काय होती, असं मला नंतर काकांनी विचारलं. खरं उत्तर असं की ते दिसायला बरं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅकेज चालू होईना. 'ही अधिकृत प्रत नाही' अशी एक ओळ आणि परत डॉस. माझ्या पोटात गोळा आला, पण डोकं म्हणत होतं की मी काही पुसलेलंच नाही. बॅकअपच्या फ्लॉपीवरून ती फाईल परत आणली. तीच ओळ. फ्लॉपीवरची आणि डिस्कवरची फाईल एकमेकींशी ताडून बघितली. एक बाइटही वेगळा नव्हता. दोन सख्ख्या जुळ्या बहिणी, आणि प्रोग्रॅम म्हणतोय ही ती नव्हेच. दुपारपर्यंत मी तेच तेच करत राहिले.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून पॅकेजवाल्या कंपनीला फोन लागला. तिकडच्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला, "डिफ्रॅग केलं का?"

चोरून प्रती काढल्या जाऊ नयेत म्हणून त्या काळी असं करायचे. पॅकेज डिस्कवर बसवताना एक लपलेली फाईल ठेवायची, ती डिस्कवर नेमक्या कितव्या क्लस्टरमध्ये पडली तो नंबर बघायचा, आणि तो नंबर दुसऱ्या ठिकाणी सांकेतिक रूपात लिहून ठेवायचा. पॅकेज सुरू होताना बघणार, फाईल त्याच नंबरच्या खोलीत आहे का? कोणी सगळं फोल्डर दुसऱ्या संगणकावर उतरवून घेतलं तर मजकूर तंतोतंत येईल, पण खोली वेगळी पडेल. मजकुराची नक्कल करता येते, जागेची करता येत नाही. चांगली युक्ती होती, आणि मी तिच्या बरोब्बर मर्मावर बोट ठेवलं होतं. फाईल परत जुन्या जागी न्यावी म्हटलं, तर जुनी जागा कुठली हे मला कुठे माहीत होतं? ते माहीत असलेला एकच जण, तो प्रोग्रॅम, आणि तो सांगणार नव्हता.

नवीन फ्लॉपी कुरियरने यायला सहा दिवस लागले, मध्ये दिवाळीच्या सुट्ट्या. त्या सहा दिवसांत काकांच्या दोन मदतनीस मुलांनी छापील रोजकीर्दीवरून हाताने खतावण्या उतरवल्या. मीही बसले. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "संगणकाला आता हात लावायचा नाही. वहीत लिही." मुदतीच्या दिवशी रात्री अकरापर्यंत लिहिलं. दोन रिपोर्ट तरीही राहिले. त्या दोघांतला एक जण पुढच्या वर्षी काकांकडे आला नाही. काका आता नाहीत. त्यांचा मुलगा या गावातच ते काम बघतो, काल त्याला भेटून आले. त्याला हे काही आठवत नव्हतं. मला त्या ट्रायल बॅलन्सची शेवटची बेरीजसुद्धा आठवते, सतरा रुपयांनी जुळत नव्हती.

तर बाई, उत्तर हे असं. फुलीची फाईल जड नसते, चिकटलेली नसते, बिघडलेलीही नसते. तिच्याकडे पाहून काहीच कळत नाही. तक्त्याच्या बाहेर कोणीतरी तिचा पत्ता लिहून घेतलेला असतो आणि तो कोणाला न विचारता थेट त्या पत्त्यावर येतो. त्याच्या वहीतला पत्ता बदलण्याची सोय हलवणाऱ्याकडे नसते. कित्येकदा अशी वही आहे हेच त्याला माहीत नसतं.

इथे लोकांचा एक गैरसमज सांगते, कारण माझ्या टीममध्ये येणारी नवी मुलंसुद्धा हे हमखास चुकतात. विचारलं तर म्हणतात, फाईल उघडी असते म्हणून हलवता येत नाही. डॉसच्या काळात तसं म्हणणं ठीक होतं. विंडोज ९८ मध्ये तर डिफ्रॅग दहा टक्क्यांवर जायचा, कोणीतरी माउस हलवायचं, स्क्रीनसेव्हर लागायचा, डिस्कवर काहीतरी लिहिलं जायचं, आणि तो परत शून्यापासून सुरू. ते दुःख इथे पुष्कळांनी भोगलंय. पण १९९६ साली आलेल्या विंडोज एनटी ४ पासून उघडी फाईलही हलवता येते. तुम्ही वाचत असता, लिहीत असता, आणि तुमच्या पायाखालून फाईल दुसरीकडे नेली जाते. कारण तुम्ही तक्त्यामार्फत जाता, आणि हलवण्याचं कामही तो तक्ता सांभाळणाराच करतो. त्याची परवानगी नाही, तोच करतो. त्यामुळे घोटाळा होत नाही.

विंडोज एक्सपीमध्ये तरीही मध्ये हिरवे पट्टे दिसायचे. लाल म्हणजे विखुरलेल्या, निळ्या म्हणजे सलग, पांढरी जागा मोकळी आणि हिरव्या या हलवता न येणाऱ्या. त्यातला सगळ्यात जाड हिरवा पट्टा बहुधा पेजफाईलचा. मेमरी सांभाळणाऱ्या भागाने पेजफाईल डिस्कवर कुठे कुठे आहे याचा नकाशा सुरुवातीलाच स्वतःजवळ उतरवून घेतलेला असतो, विंडोज ३.१ च्या त्या टिपणीचीच ही नात. पण याला आणखी एक कारण आहे आणि ते मला फार आवडतं. निळा पडदा तुम्ही पाहिला असेल. संगणक कोसळतो तेव्हा तो मरता मरता मेमरीतला मजकूर डिस्कवर लिहून ठेवतो, नंतर कोणाला तरी कारण शोधता यावं म्हणून. आता विचार करा, कोसळण्याचं कारणच जर फाईल सांभाळणाऱ्या भागात असेल तर? त्याच्याकडून लिहून घेतलं तर तो उरलीसुरली डिस्कही खराब करून ठेवायचा. म्हणून त्या क्षणी कोणावरही विश्वास ठेवायचा नसतो. कोसळणारी विंडोज तक्त्याकडे ढुंकूनही बघत नाही. सुरू होतानाच, सगळं धड असताना, पेजफाईलच्या सेक्टरांचा नकाशा काढून ठेवलेला असतो, त्याप्रमाणे थेट तिथे लिहायचं आणि थांबायचं. परत चालू झाल्यावर तो मजकूर तिथून काढून घेतात. मधल्या काळात ती फाईल हलली असती, तर हे मृत्युपत्र तुमच्या मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोंवर लिहिलं गेलं असतं.

मग ही फाईल सलग करायचीच असेल तर? एक छोटा प्रोग्रॅम होता, पेजडिफ्रॅग नावाचा, सिसइंटर्नल्सचा. तो संगणक सुरू होताना, अजून कोणी नकाशा उतरवून घ्यायच्या आत, आपलं काम उरकायचा. नोंद होण्याआधी हलवलं तर कोणाचीच वही चुकत नाही. माझ्या व्यवसायातल्या निम्म्या युक्त्या अशाच असतात, शक्ती लागत नाही, वेळ गाठावी लागते.

हिरव्या पट्ट्यांत आणखी एक होता, तो म्हणजे खुद्द तक्ता. नवीन विंडोजमध्ये तक्तासुद्धा एक फाईलच असते. एक्सपीपासून तिचा बराचसा भाग हलवता येतो, पण सुरुवातीचा तुकडा नाही, कारण तो कुठे आहे हे डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये लिहिलेलं असतं. परत कोनाडा आणि किल्ली.

कॉलेजात लिनक्सवर मला हीच गोष्ट उलट्या बाजूने भेटली. तिथे सुरुवात करून देणारा लिलो नावाचा प्रोग्रॅम होता. त्याला फाईलचं नाव वगैरे कळत नसे, कर्नल डिस्कवर कुठल्या कुठल्या ब्लॉकमध्ये आहे ते आकडे तो लिहून ठेवायचा. नवीन कर्नल आणून जुना पुसला की लिलो पुन्हा चालवायचा, म्हणजे तो नवे आकडे उतरवून घेईल. हे विसरलं की काय व्हावं? तुम्ही म्हणाल संगणक चालूच होणार नाही. तसं होत असे, पण नेहमी लगेच नाही. काही दिवस तो मजेत चालू व्हायचा, आणि जुन्याच कर्नलवर! कारण पुसलेल्या फाईलचा मजकूर जागेवरून लगेच जात नाही, ती जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते. आकडे जुन्या घराचे, घर अजून पडलेलं नाही, त्यामुळे सगळं ठीक. मग एक दिवस त्या जागेवर कोणाची तरी गाणी येऊन बसायची आणि सगळं थिजायचं. शेवटी संगणकाला कोणी हात लावला होता, त्याला शिव्या. चूक केलेला दहा दिवसांपूर्वीच घरी गेलेला.

आता आजचं. तुमच्या लॅपटॉपमध्ये फिरणारी तबकडी बहुतेक नसेलच, एसएसडी असेल. तिला काटा नाही, त्यामुळे विखुरलेलं असलं तरी सरकायचे कष्ट नाहीत. डिफ्रॅग करू नका, विंडोज तिला लागेल ती देखभाल स्वतः करते. शिवाय एसएसडी आतल्या आत सामान सतत इकडचं तिकडे करत असते, आणि बाहेर सांगताना जुनाच नंबर सांगते. म्हणजे तिने पत्त्यांचा आणखी एक तक्ता मध्ये घातला आणि वहीवाल्यांची कटकटच मिटवली.

फुल्या मात्र गेल्या नाहीत. तीन-चार वर्षांपूर्वी आपल्यातल्याच एकीचा फोन आला होता. सी ड्राइव्हचे दोन भाग करायचे होते, निम्म्याहून जास्त जागा मोकळी, आणि विंडोज म्हणतेय फक्त थोडीशीच काढता येईल. "दुकानदाराने फसवलं का गं?" दुकानदाराने फसवलं नव्हतं. ड्राइव्ह लहान करायचा तर शेवटाकडचं सगळं सामान आधी पुढे आणावं लागतं, आणि मध्येच कुठेतरी एखादी फुली बसली असेल तर तिच्या अलीकडे येता येत नाही. बहुधा ती पेजफाईल असते, नाहीतर हायबरनेशनची फाईल, नाहीतर सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर तर तक्त्याच्या पहिल्या नोंदींची एक प्रत मुद्दाम अगदी मध्यावर ठेवलेली असे, सुरुवातीचा भाग खराब झाला तर हाताशी असावी म्हणून. तिथे निम्म्यावर गाडी अडलीच. तुमच्यापैकी कोणाला हे करायचं असेल तर आधी बॅकअप. मग हायबरनेशन, पेजफाईल आणि सिस्टिम रिस्टोअर तिन्ही बंद करून संगणक पुन्हा चालू करा, ड्राइव्ह लहान करा आणि मग तिन्ही आठवणीने परत चालू करा. तरीही अडलं तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अडवणाऱ्या फाईलचं नाव लिहिलेलं असतं. १९९७ साली एवढी सोय असती तर!

मी गेली बरीच वर्षं पुण्यात बॅकअपच्या सॉफ्टवेअरवर काम करते. म्हणजे लोकांचा मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. कुठलीही गोष्ट हलवायची ठरली की आमच्या बैठकीत मी एकच प्रश्न विचारते, हिचा पत्ता अजून कोणी लिहून घेतलाय का? मुलं म्हणतात, मॅडम, सगळं रजिस्टरमध्ये आहे. मग मी म्हणते, रजिस्टरमध्ये नसलेल्यांचं विचारतेय. मागच्याच वर्षी एका गिऱ्हाइकाकडे रात्री दोन वाजता चालणारा एक जुना प्रोग्रॅम असाच सापडला. लिहिणारा निवृत्त झालेला, कागद नाहीत, आणि सर्व्हरचा पत्ता थेट प्रोग्रॅमच्या पोटात. हलवायच्या आदल्या आठवड्यात सापडला म्हणून निभावलं. आम्ही तक्त्यात त्याच्यापुढे फुली केली. माझ्या टीममध्ये त्याला फुलीच म्हणतात, बंगलोरच्या मुलासकट.

भूगोलाची ती खोली मी काल पाहून आले. आता तिथे वीस संगणक आहेत आणि चपला घालून जाता येतं. शेवटच्या पानावर प्रश्न लिहिलेली ती हजेरीवही मात्र काही सापडली नाही, मी कपाटात शोधली. बाई म्हणतात रद्दीत गेली असेल. मग मी प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहून आणलंय, दोन फुलस्केप कागद. बाई, खाडाखोड थोडी आहे, समासही सोडलाय. जेवणाआधी तपासून द्या, कारण मागून हात हलवून मला मघापासून थांबायला सांगताहेत, आणि पंगत बसलीसुद्धा.